डॉक्टरांना कोण रागावणार?

डॉक्टर गेले आणि अख्खं गाव हळहळलं. हळहळणारच हो. गावातली निम्मी माणसं लहानपणी त्यांच्यापुढे जीभ बाहेर काढून 'आ' करून बसलेली. बंद दवाखान्याच्या दाराशी लोक येत, थोडा वेळ नुसतेच उभे राहत, पायरीवर फुलं ठेवत आणि नाक पुसत निघून जात. फौजदारही आला होता. ज्याच्या मिशा पाहून भले भले रस्ता बदलतात, तो माणूस पायरीशी उभा राहून लहान पोरासारखा मुसमुसत होता.

तेवढ्यात मागून सुईबाई आली. फौजदारानं वळून पाहिलं आणि त्याचा हात आपसूक पाठीमागे, कमरेच्या खाली गेला. म्हणजे बघा! माणूस पन्नाशीला टेकला, चोरांना घाम फोडतो, पण सुईबाई दिसली की अजून त्याला आपली बसायची जागा झाकावीशी वाटते. आजूबाजूचे लोक रडता रडता हसले. सुईबाईही हसली. असल्या गोष्टी हसण्यावारी नेण्याचा तिला भरपूर सराव होता.

आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं तिला, पण ते आता कोणाच्या तोंडात नव्हतं. ती डॉक्टरांच्या दवाखान्यातली नर्स. टोचायचं काम तिचं, म्हणून सुईबाई. डॉक्टरांनी मात्र तिला कधी त्या नावानं हाक मारली नाही. ते नुसतं 'बाई' म्हणायचे.

दवाखान्याच्या दोन खोल्या. बाहेरची डॉक्टरांची. तिथे भिंतीवर हत्ती रंगवलेला, टेबलावर एक रबरी बदक, आणि डॉक्टर स्वतः. ते स्टेथोस्कोप आधी तळहातावर घासून गरम करायचे, मग पोराच्या छातीला लावायच्या आधी बापाच्या डोक्याला लावून बघायचे आणि म्हणायचे, "अरेच्चा, इथे तर कोणी घरीच नाही!" तापानं फणफणलेलं पोरसुद्धा फिस्सकन हसायचं. आतली खोली सुईबाईची. तिथे पांढऱ्या फरश्या, उंच टेबल, स्पिरिटचा वास आणि कोपऱ्यात वजनकाटा.

"जा बरं, आत जाऊन वजन करून या," असं डॉक्टर गोड आवाजात म्हणाले की आईबापांना कळायचं, सुई आहे. पोराला पहिल्या खेपेला कळायचं नाही. दुसऱ्या खेपेला 'वजन' म्हणताच भोकाड. त्या गावातली बरीच थोर माणसं अजूनही वजनकाट्यावर चढायला कां कू करतात, ती उगाच नाही.

आत व्हायचं ते व्हायचं. किंकाळी उठायची, दारावरचा पडदा हलायचा. पण खरी गंमत त्याच्यापुढे. पोर रडत बाहेर आलं की डॉक्टर ताडकन खुर्चीतून उठायचे, टेबलावरची लाकडी फूटपट्टी उचलायचे आणि फाडकन आपटायचे.

"काय हो बाई! आमच्या वाघाला टोचलंत? कोणाला विचारलंत?"

आतून सुईबाई रडवेल्या आवाजात ओरडायची, "चुकलं हो डॉक्टर, चुकलं!"

"पुन्हा कराल?"

"नाही हो, कध्धी नाही!"

मग डॉक्टर पोरापुढे गुडघे टेकून बसायचे आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "बास का? की अजून रागावू?"

बहुतेक पोरं हुंदका गिळून म्हणायची, "बास." एखादं खमकं निघायचं, ते म्हणायचं, "अजून!" मग पट्टी पुन्हा आपटायची आणि आतून पुन्हा "चुकलं हो!" पोराचं मन भरेपर्यंत डॉक्टर थांबायचे नाहीत. बाहेर बाकावर पेशंट खोळंबलेले असले तरी नाहीत.

सुईबाईला याचं काहीच वाटायचं नाही, असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप. रस्त्यात पोरं तिला बघून आईच्या मागे लपायची. आया जेवताना धाक घालायच्या, "गिळ मुकाट्यानं, नाहीतर सुईबाईला बोलावते." एकदा ती डॉक्टरांना म्हणालीच, "सगळी लाडीगोडी तुमच्याकडे आणि राक्षसीण मी! छान आहे."

डॉक्टर ओशाळले. म्हणाले, "बाई, पोर एका माणसाला भ्यालं तर चालतं. दवाखान्यालाच भ्यालं तर दुखलेलं लपवायला शिकतं. माझ्याकडे येऊन त्यानं खरं बोललं पाहिजे." तिला ते पटलं. शिवाय पोरं अंगाखांद्यावर चढली की डॉक्टरांचा चेहरा कसा उजळतो, हेही तिनं पाहिलं होतं. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. पोरांनी आपल्याकडे धावत यावं, ही एवढी एकच हौस त्या माणसाला होती, आणि ती पुरवायची तर दुसऱ्या कोणालातरी वाईट व्हावं लागत होतं. ती झाली.

पण अख्ख्या गावात एक पोर असं होतं, जे डॉक्टरांकडे कधी धावत गेलं नाही. ती सुईबाईची स्वतःची लेक.

डॉक्टर अंथरुणाला खिळले तेव्हा सुईबाई रोज त्यांना बघायला जायची. उशी सरळ करायची, खिडकी उघडायची, गावातल्या चार गोष्टी सांगायची. एके दिवशी ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, एवढ्या पोरांत एकच पोर माझ्यावर रुसलेलं राहिलं. विचारा तिला एकदा, अजून राग आहे का."

"काहीतरीच तुमचं!" सुईबाई म्हणाली. "ती कशाला रुसेल तुमच्यावर?"

थाप होती ती. आणि विचारते विचारते म्हणताना डॉक्टर गेले. डॉक्टरांनी तिच्याकडे आयुष्यात एक काम स्वतःसाठी मागितलं होतं, आणि तेवढं तिच्याच्यानं झालं नव्हतं.

लेक दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. फोन करायची नेमानं, पण कामापुरता. बरी आहेस ना, गोळ्या घेतेस ना, ठेवते. सुईबाईनं या वेळी स्वतःहून फोन लावला.

"येशील ना? रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे डॉक्टरांसाठी. मला बोलायला सांगितलंय."

लेक म्हणाली, "तुझ्यासाठी येते. सभेचं मला सांगू नकोस."

शनिवारी ती आली. पिशवी ठेवली, हातपाय धुतले, आईचं ब्लडप्रेशर विचारलं, नळ गळतो तो बघितला. सगळं केलं, पण डॉक्टरांचं नाव काही काढलं नाही. रविवारी सकाळी दोघी स्वयंपाकघरात चहा घेत बसल्या तेव्हा सुईबाईनं एकदाचा विषय काढला.

"चल ना गं माझ्याबरोबर. मागच्या बाकावर बस हवं तर. शेवटी शेवटी तुझीच आठवण काढत होते ते."

"आई, नको."

"एका सुईचा एवढा राग? एवढी मोठी बाई झालीस, डोक्यात पांढरे केस आले!"

त्या सुईची गोष्ट अशी. लेक शाळेत जायला लागली होती तेव्हाची. भिंतीवरून उडी मारताना गंजक्या पत्र्यावर पाय पडला आणि तळवा फाटला. शेजारणीनं तिला उचलून दवाखान्यात आणलं. सुईबाईच्या जिवाचं पाणी पाणी झालं, पण हात सवयीनं सिरिंजकडे गेले. डॉक्टरांनी तिला अडवलं. "बाई, हिला तुम्ही टोचायचं नाही. आईच्याच हाताला पोर भ्यालं तर मग त्यानं जायचं कुठे? द्या इकडे." आणि जो माणूस पोरांच्या देखत त्या खोलीत कधी पाऊल टाकत नव्हता, तो लेकीला कडेवर घेऊन आत गेला. सुईबाईला बाहेर थांबवलं. डॉक्टरांच्या हाताला त्या कामाची सवय उरली नव्हती. दंडाला ही एवढी निळी गाठ आली.

तेव्हापासून लेक डॉक्टरांची सावली अंगावर पडू देईना. डॉक्टरांनी शिट्टी पाठवली, फुगे पाठवले, रंगीत खडू पाठवले. सगळं जसंच्या तसं परत. ते दवाखान्यात हसून म्हणायचे, "आज काय, परत नापास मी?" आणि दिवसभर मग त्यांचं कशात लक्ष लागायचं नाही.

"त्यांनी ते तुझ्यासाठी केलं गं," सुईबाई म्हणाली. "माझ्यासाठी केलं. तू मला भिऊ नयेस म्हणून. त्यांना केवढं जड गेलं असेल, तुला काय माहीत!"

"माहीत आहे. तूच सांगितलंयस, हज्जारदा." लेकीनं कप खाली ठेवला. "आई, मला सुईचा राग नाहीये. आणि डॉक्टरांचाही नाहीये. त्यांना बघितलं की मला दुसरंच काहीतरी आठवायचं."

"मग?"

टेबलाकडे बघत लेक बोलायला लागली.

"मी शाळेतून दवाखान्यात यायचे. औषधांच्या कपाटाशेजारी माझं स्टूल होतं. आठवतं? डॉक्टर पट्टी आपटून तुला रागवायचे, ते बघून मी पहिल्यांदा रडले होते. घरी आल्यावर तू मला मांडीवर घेतलंस आणि सांगितलंस, 'वेडे, ते खोटं खोटं असतं. ज्याला टोचलं ना, त्याच्या बाजूनं कोणीतरी बोलायला पाहिजे. नाहीतर त्याला वाटेल, आपलं कोणीच नाही. म्हणून डॉक्टर मला रागावतात.'"

"हो. मग?"

"मग मला टोचलं. मी बाहेर आले. तू टेबलाशी उभी होतीस. पट्टी तिथेच होती, बदकाच्या शेजारी. मी दारात थांबले. मला वाटलं, आता तू पट्टी उचलणार." लेकीचा आवाज एकदम लहान झाला. "आणि तू डॉक्टरांना म्हणालीस, 'उपकार झाले.'"

सुईबाईनं हातातला कप खाली ठेवला.

"अगं," ती कशीबशी म्हणाली, "मी नोकर माणूस. ते एवढे मोठे डॉक्टर. मी त्यांच्यावर कशी पट्टी आपटणार? बाहेर लोक बसलेले..."

"खोटं खोटंच तर असायचं ना, आई?" लेक म्हणाली. "माझ्यासाठी खोटं खोटंही नाही?"

एवढी वर्षं सुईबाईनं मनाशी लाखभर कारणं जुळवली होती. पोर सुईला भ्यालं असेल, डॉक्टरांचा चष्मा आवडला नसेल, बापावर गेलीय, हट्टी आहे. हे कधी मनातही आलं नव्हतं. रोज दिवसातून किती वेळा ती दुसऱ्यांच्या पोरांसाठी 'चुकलं, चुकलं' म्हणून ओरडली होती, आणि आपलं पोर दारात वाट बघत उभं होतं ते तिला दिसलंच नाही. लेकीनं कप उचलले, धुतले, पालथे घातले. "तू जा सभेला. मी दुपारच्या गाडीनं निघते," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि सुईबाईला त्याचीच जास्त भीती वाटली.

तरी लेक शाळेपर्यंत आली. आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या उंच आहेत, हात धरायला कोणीतरी हवं, म्हणून. हॉल गच्च भरला होता. शेवटच्या रांगेत, दाराजवळ एक खुर्ची रिकामी होती. "दोन मिनिटं टेकते आणि जाते," म्हणून लेक तिथे पिशवी मांडीवर घेऊन बसली.

स्टेजवर टेबल मांडलेलं. त्यावर डॉक्टरांचा हसरा फोटो, आणि फोटोपुढे त्यांचा स्टेथोस्कोप, रबरी बदक आणि ती फूटपट्टी. कोणाच्या तरी डोक्यातून निघालेली कल्पना. पुढच्या रांगेत डॉक्टरांची बायको बसली होती, ताठ, हातात रुमाल, पण तो डोळ्यांना लावत नव्हती.

एकेक जण बोलत गेला. कोणाचा दमा बरा झाला होता, कोणाचं बोबडं बोलणं. फौजदार तर "डॉक्टर म्हणजे..." एवढंच म्हणाला आणि खाली उतरला. सूत्रसंचालन हेडमास्तरांकडे होतं. त्यांनी सुईबाईला आधीच बजावून ठेवलं होतं, "बाई, तो पट्टीचा किस्सा सांगा. लोकांना हसवा जरा. फार जड होतंय वातावरण." आणि आता ते माईकवर म्हणाले, "आपण सगळे ज्यांना भ्यालो, ज्यांनी आपल्या सगळ्यांना टोचलं, आणि ज्यांच्याशिवाय डॉक्टर हे डॉक्टर झालेच नसते, त्या आपल्या सुईबाई!"

काय टाळ्या पडल्या! लोक उभे राहिले. ज्यांनी लहानपणी तिच्या हाताला चावे घेतले होते, ते आता तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते. सुईबाईनं आयुष्यात असं कधी अनुभवलं नव्हतं. सगळा हॉल तिच्याकडे प्रेमानं बघत होता. किस्सा पाठ होता. दोन वाक्यं गोड बोलायची, 'चुकलं हो' म्हणून दाखवायचं, की गाव कायमचं तिचं.

तिनं तोंड उघडलं आणि तिची नजर शेवटच्या रांगेवर गेली. लेक उठायच्या बेतात होती. पिशवीचा बंद खांद्यावर चढवत होती.

सुईबाई माईकपासून वळली. टेबलाशी गेली, पट्टी उचलली आणि फाडकन आपटली. बदक उडून खाली पडलं.

"काय हो डॉक्टर!" ती फोटोवर ओरडली. "माझ्या लेकीला टोचलंत? कोणाला विचारलंत?"

हॉल खदखदून हसला. हाच तो किस्सा, उलटा करून सांगतेय, काय पण म्हातारी आहे! हेडमास्तरांनी मान डोलावली.

"एवढीशी पोर ती! पायातून रक्त वाहतंय, आणि तुम्ही तिला आत घेऊन गेलात! तुमचा हात थरथरत होता, मला पडद्याच्या फटीतून दिसत होतं. येत नव्हतं तर कशाला घेतलीत सुई हातात? दंड काळानिळा केलात तिचा! सगळ्या जगाची पोरं तुम्हाला गोंजारायला, आणि माझीच मिळाली होय टोचायला?"

आता कोणी हसत नव्हतं. तिचा आवाज फाटला होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. लोक एकमेकांकडे बघायला लागले. "डोकं फिरलं का हिचं?" कोणीतरी मागून म्हणालं. "मेलेल्या माणसाला असं बोलतात?" दुसऱ्यानं म्हटलं. हेडमास्तर लगबगीनं पुढे आले, "बाई, बाई, अहो प्रसंग काय, तुम्ही..."

"बोलू द्या त्यांना," पहिल्या रांगेतून डॉक्टरांची बायको म्हणाली. हेडमास्तर होते तिथेच थांबले.

पट्टी पुन्हा आपटली. "पुन्हा कराल?"

फोटोतले डॉक्टर हसत होते. सुईबाई थांबली. इतकी वर्षं या प्रश्नाला आतून आवाज यायचा, तो तिचाच असायचा. आज तो द्यायला कोणी नव्हतं. हे बोलायला ती फार उशिरा आली होती, आणि ते तिला त्या टेबलाशी उभं असताना लख्ख कळलं. डॉक्टर असते तर किती आनंदानं म्हणाले असते, 'चुकलं हो बाई, चुकलं!' गुडघे टेकून म्हणाले असते.

तिनं डोळे पुसले नाहीत. पट्टी हातात तशीच धरून ती स्टेजच्या कडेला आली आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट दाराकडे बघत तिनं विचारलं, "बास का गं? की अजून रागावू?"

अख्ख्या हॉलनं मान वळवून मागे पाहिलं. दाराजवळ एक पांढऱ्या केसांची बट असलेली बाई छातीशी पिशवी धरून उभी होती.

"अजून," ती म्हणाली.

सुईबाई टेबलाकडे वळली आणि तिनं पट्टी उगारली.